रानातला मध : औषध कुठे, धोका कुठे

होळी सरली, उन्हे तापू लागली की रायगडच्या किनारपट्टीवर रानमध विकायला येतो. अलिबाग, मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन, कुठल्याही बाजाराच्या दिवशी डोंगरातून उतरलेले कातकरी बांधव जुन्या बाटल्यांत भरलेला मध घेऊन बसलेले दिसतात. काही जण थेट वस्तीतही येतात. घरातली आजी घासाघीस करून एक बाटली घेते आणि ती फळीवर जाऊन बसते. पुढे वर्षभर त्या बाटलीला उसंत नसते. खोकल्याला मध, भाजल्याला मध, विळीने कापले तर मध, तोंड आले तर मध, आणि घरात बाळ जन्मले तर त्याच्या जिभेवरही मधाचे बोट.

यावर आपल्या घरांत दोन मते ऐकू येतात. शिकलेली मुले म्हणतात, हे सगळे जुने अडाणी उपाय आहेत, टाकून द्या. वडीलधारी म्हणतात, मध निसर्गाचा आहे, त्याने अपाय कसा होईल? दोघांचेही म्हणणे अर्धेच बरोबर आहे. मध जंतू मारतो, ही अंधश्रद्धा नाही. ते प्रयोगशाळेत आणि रुग्णालयात तपासले गेले आहे. पण मध सगळेच जंतू मारत नाही. जे त्यात टिकून राहतात, त्यांतला एक तान्ह्या बाळाच्या जिवावर उठू शकतो. या दोन गोष्टी एकत्र समजून घेतल्या तर बाटली केव्हा उघडायची आणि केव्हा बंद ठेवायची, हे आपले आपल्यालाच ठरवता येईल.

मध जंतूंना कसा मारतो?

किनाऱ्यावरच्या माणसाला पहिले कारण लगेच पटेल. मासळीला मीठ लावून वाळवली की ती महिनोन्‌महिने टिकते, कारण मीठ मासळीतले आणि जंतूंच्या अंगातले पाणी ओढून घेते. पाण्यावाचून जंतू वाढत नाहीत. मधात हेच काम साखर करते. चांगल्या पिकलेल्या मधात सुमारे ८० टक्के साखर असते आणि पाणी २० टक्क्यांपेक्षा कमी असते. अशा घट्ट मधात पडलेल्या जंतूचे पाणी बाहेर ओढले जाते आणि त्याची वाढ थांबते.

दुसरे कारण आंबटपणा. मध गोड लागतो म्हणून कळत नाही, पण तो आम्लधर्मी असतो. जखमा चिघळवणाऱ्या बऱ्याच जिवाणूंना असे आंबट ठिकाण मानवत नाही.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. फुलांचा रस गोळा करताना मधमाशी त्यात आपल्या ग्रंथीतला एक पाचक रस मिसळते. घट्ट मधात तो निपचित पडून असतो. मधात थोडे पाणी मिसळले, जसे जखमेतून पाझरणारे पाणी, की तो जागा होतो आणि साखरेपासून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करू लागतो. दवाखान्यात जखम धुताना जे औषध फसफसते, तेच हे. फरक इतकाच की मधात ते अगदी थोडे थोडे आणि बराच वेळ तयार होत राहते. तापवले तर हा पाचक रस नष्ट होतो. उन्हात किंवा प्रकाशात ठेवलेल्या मधातही त्याचा जोर कमी होतो. उकळत्या चहात घातलेला मध गोड लागेल, पण त्यातली ही शक्ती उरलेली नसते.

मध जंतूंची वाढ रोखतो, हे हॉलंडमधील संशोधक व्हॅन केटेल यांनी १८९२ साली नोंदवले. त्यामागे हायड्रोजन पेरॉक्साइड आहे, हे १९६० च्या दशकात अमेरिकेतील जोनाथन व्हाइट यांच्या संशोधनातून स्पष्ट झाले. मधाचा औषध म्हणून वापर मात्र फार जुना आहे. विनयपिटकातील महावग्गात आजारी भिक्खूंसाठी भगवान बुद्धांनी पाच औषधांना अनुमती दिल्याची नोंद आहे. तूप, लोणी, तेल, मध आणि उसाचा गूळ-काकवी, ही ती पाच औषधे. त्यासोबत मर्यादाही घातली होती : ती आजाऱ्यासाठी घ्यायची आणि सात दिवसांपेक्षा जास्त साठवायची नाहीत. औषधाला मर्यादा असते, ही समज आपल्या परंपरेतच आहे.

सोलापुरात झालेली परीक्षा

मधाची जखमेवरची एक गाजलेली परीक्षा आपल्या महाराष्ट्रात झाली. सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी वरवर भाजलेल्या १०४ रुग्णांचे दोन गट केले. ५२ जणांच्या जखमांवर मधात भिजवलेल्या पट्ट्या ठेवल्या. दुसऱ्या ५२ जणांना सिल्व्हर सल्फाडायझिन या नेहमीच्या पांढऱ्या मलमाच्या पट्ट्या लावल्या. १९९१ साली इंग्लंडच्या शल्यचिकित्सेच्या नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. मधाच्या गटात ज्या जखमांत जंतू होते, त्यांपैकी ९१ टक्के जखमा सात दिवसांत जंतूमुक्त झाल्या होत्या. मलमाच्या गटात हेच प्रमाण ७ टक्के होते. पंधरा दिवसांत मधाच्या गटातील ८७ टक्के जखमा भरल्या, मलमाच्या गटातील १० टक्के.

हे आकडे वाचून कोणीही म्हणेल की मलम फेकून द्यावे. पण डॉ. सुब्रह्मण्यम तिथे थांबले नाहीत. पुढे त्यांनी अधिक भाजलेल्या रुग्णांमध्ये एका बाजूला मधाची पट्टी आणि दुसऱ्या बाजूला मेलेली कातडी लवकर काढून नवी त्वचा बसवण्याची शस्त्रक्रिया, अशी तुलना केली. १९९९ साली त्यांनीच प्रसिद्ध केले की तिथे शस्त्रक्रिया मधापेक्षा सरस ठरली. ज्या औषधामुळे आपले नाव झाले, त्याच औषधाची हार स्वतः लिहून छापणे, यालाच आम्ही वैज्ञानिक वृत्ती म्हणतो.

एका परीक्षेवर विसंबून चालत नाही, म्हणून जगभरच्या परीक्षा एकत्र तपासल्या जातात. कॉक्रेन या संस्थेच्या अभ्यासकांनी २०१५ साली अशा २६ चाचण्या, म्हणजे सुमारे ३,००० रुग्ण, पुन्हा तपासले. कातडीच्या सगळ्या थरांपर्यंत न गेलेल्या भाजण्यात मधाच्या पट्टीने जखम साध्या पट्टीपेक्षा चार-पाच दिवस आधी भरते, हे त्यांना मान्य झाले. शस्त्रक्रियेनंतर चिघळलेल्या जखमांनाही मधाचा उपयोग दिसला. मधुमेही रुग्णांच्या पायाच्या जखमांबाबत आणि अंथरुणाला खिळलेल्यांच्या पाठीच्या जखमांबाबत मात्र मध उपयोगी पडतो, असे ठामपणे म्हणता येईल इतका पुरावा त्यांना मिळाला नाही.

मग फळीवरची बाटली जखमेवर का नको?

रुग्णालयात जखमेसाठी तयार मिळणारा मध आणि आपल्या फळीवरचा मध एकच नव्हे. आपल्याकडे रानमध बहुतेक आग्या मोहोळाचा असतो, काही वेळा सातेरीचा किंवा फुलोरीचा. पोळे काढून हाताने पिळले की मधासोबत अळ्या, परागकण, मेण, पानांचा चुरा आणि हाताची माती उतरते. पूर्ण न पिकलेला मध पातळ असतो. आपल्या दमट हवेत उघडी राहिलेली बाटली हवेतले पाणी ओढून घेते. पाणी वाढले की मध आंबतो, फेस येतो, आंबूस वास सुटतो. अशा मधात जंतू रोखण्याची शक्ती फारशी उरत नाही.

पण खरा प्रश्न चांगल्या, घट्ट मधातही असतो. परिस्थिती वाईट झाली की काही जिवाणू स्वतःभोवती कठीण कवच करून झोपी जातात. त्यांना बीजाणू म्हणतात. कणगीतले भाताचे बियाणे कोरडे असेपर्यंत पडून राहते आणि पाणी मिळाले की रुजते, तसेच हे. मधाची साखर, आंबटपणा, पेरॉक्साइड यांपैकी काहीही या कवचातून आत जात नाही. मध जिवाणूला मारतो, पण त्याच्या बीजाणूला मारू शकत नाही. माती आणि धूळ यांतून असे बीजाणू मधात येतात. ते मारायला मध उकळावा, तर पाचक रस आधी जातो आणि बीजाणू मात्र साध्या उकळण्याने मरत नाहीत.

म्हणून जखमेसाठीचा मध न तापवता गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. या किरणांनी बीजाणू मरतात, पण मधाची शक्ती टिकते. ही काही परक्या देशाची जादू नाही. उरणच्या समोर, खाडीपलीकडे ट्रॉम्बेला आयसोमेड नावाचा प्रकल्प आहे. तिथे १९७४ पासून दवाखान्यात लागणारे साहित्य गॅमा किरणांनी निर्जंतुक केले जाते. घरात हे काम करता येत नाही. म्हणून उघड्या जखमेवर, खोल कापल्यावर किंवा मोठ्या भाजण्यावर बाटलीतला मध ओतू नका. डोळ्यांत तर मध कधीच घालू नका. मधाची पट्टी लावायची असेल तर ते डॉक्टरांनी ठरवावे आणि निर्जंतुक केलेला मधच वापरावा.

बाळाच्या जिभेवर मध नको

या लेखातले एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवा : एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला मधाचा थेंबही देऊ नका.

वर सांगितलेल्या बीजाणूंमध्ये बोट्युलिझम या आजाराच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात आधीच असंख्य निरुपद्रवी जंतूंची वस्ती असते. ती या बीजाणूंना रुजू देत नाही, म्हणून आपण मध खाल्ला तरी काही होत नाही. तान्ह्या बाळाच्या आतड्यात ही वस्ती अजून पुरती बसलेली नसते. तिथे बीजाणू रुजतात आणि एक अतिशय जहाल विष तयार करतात. ते नसा आणि स्नायू यांच्यातला संदेश तोडते. तान्ह्या बाळांना होणारा हा आजार १९७६ साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियात प्रथम ओळखला गेला. जागतिक आरोग्य संघटनाही वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नका, असे सांगते.

लक्षणे अशी : आधी बाळाची शौच अडते. मग दूध ओढायची ताकद कमी होते, रडण्याचा आवाज बारीक होतो, पापण्या खाली येतात, मान धरता येत नाही, अंग ढिले पडते. पुढे श्वास घेणे अवघड होते. यांतले काही दिसले तर अंगारा-धूप, दृष्ट काढणे यात वेळ न घालवता १०८ ला फोन करा आणि बाळाला रुग्णालयात न्या. डॉक्टरांना आधी सांगा की बाळाला मध चाटवला होता का. वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक बाळे बरी होतात.

मध चाटवण्याची रीत मायेपोटी आली आहे, हे आम्ही जाणतो. आजी-आत्याच्या मनात बाळाचे वाईट नसते. पण बाळासाठी पहिला घास आईचाच असावा. जन्मल्यावर पहिल्या तासात आईचे घट्ट पिवळसर चिकाचे दूध द्यावे. रोगांशी लढण्याची पहिली शिदोरी त्यातच असते. पुढे सहा महिने फक्त आईचे दूध. मध, घुटी, साखरपाणी, वरचे पाणी काही नको. नाळेवरही मध, राख किंवा हळद लावू नका. धनुर्वाताचा जंतूही बीजाणू करणाराच आहे.

मधुमेह आणि पायाची जखम

बाबासाहेबांना मधुमेह होता. नसांच्या वेदनांनी त्यांचे पाय किती छळत होते, हे त्यांच्या चरित्रातून आपल्याला ठाऊक आहे. आज आपल्या वस्त्यांतही अनेक घरांत हा आजार आहे. अनेकांची समजूत असते की साखर वाईट, पण मध चालतो. मधाचा सुमारे ८० टक्के भाग साखरच आहे. मधुमेही माणसाने मध खाल्ला तर रक्तातली साखर वाढते.

पायाच्या जखमेचे तर अधिकच सांभाळावे. मधुमेहात पायाची जाणीव बोथट होते. काटा रुतला, शिंपल्याने कापले, चपलेने घासले तरी कळत नाही. जखम वरून लहान दिसते आणि आत हाडापर्यंत गेलेली असते. तिच्यावर मध लावून आठ दिवस वाट पाहिली, तर बोट किंवा पाय कापण्याची वेळ येऊ शकते. मधुमेही माणसाच्या पायाला जखम दिसली की त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रोज रात्री पाय धुऊन, पुसून, तळवे पाहावेत. स्वतःला दिसत नसतील तर घरातल्या मुलाने पाहावेत.

मध खरा उपयोगी कुठे?

खोकल्याला. सर्दी-पडशाचा खोकला बहुतेक वेळा विषाणूंमुळे असतो. अँटिबायोटिक गोळ्या विषाणूंवर चालत नाहीत. तरीही आपण मेडिकलमधून दोन गोळ्या आणतो आणि बरे वाटले की उरलेल्या डब्यात टाकतो. अशाने शरीरातले जिवाणू त्या औषधाला सरावतात. उद्या खरोखर न्युमोनिया झाला तर तेच औषध काम करत नाही. त्यापेक्षा एक वर्षावरील मुलाला झोपताना अर्धा छोटा चमचा मध द्या, मोठ्यांनी एक चमचा घ्यावा. घसा निवतो, रात्रीची ढास कमी होते. इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेनेही २०१८ साली साध्या खोकल्याला आधी मध वापरून पाहा, असा सल्ला दिला. मधुमेही माणसाने मात्र हा उपाय करू नये.

खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिला, रक्त पडले, रोज संध्याकाळी ताप आला किंवा वजन उतरले, तर मधाची बाटली बाजूला ठेवून सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. क्षयरोगाची तपासणी आणि औषधे तिथे मोफत मिळतात. लहान मुलाचा श्वास जोरात चालला असेल, छाती आत ओढली जात असेल तर लगेच न्या.

पावसाळ्यातली जखम

आपला पाऊस वेगळा आहे. जुलै २००५ आणि जुलै २०२१ मध्ये महाडला आलेले पूर कोणी विसरलेले नाही. पाणी साचले की उंदीर आणि जनावरे यांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू त्यात मिसळतात आणि पायाच्या लहानशा चिरेतून रक्तात शिरतात. त्यांना मध अडवू शकत नाही. भातशेतीत, गटारात किंवा पुराच्या चिखलात काम करताना बूट घाला. काम झाल्यावर पाय साबणाने धुवा. नंतर ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे काही झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि पाण्यात काम केल्याचे सांगा. गंजलेला पत्रा, खिळा, मासळीचा काटा किंवा होडीची फळी लागली तर जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनाबद्दल विचारा.

भाजले तर आधी वीस मिनिटे नळाचे साधे थंड पाणी. बर्फ नको, टूथपेस्ट नको, तूप नको आणि त्या घाईत मधही नको. बांगड्या, अंगठ्या काढा. स्वच्छ सुती कापडाने सैल झाका. तळहातापेक्षा मोठे भाजले असेल, किंवा चेहरा, हात, सांधे, गुप्तांग भाजले असेल, तर दवाखान्यात जा.

मध घेताना

बाजारातल्या मधात साखरेचा पाक मिसळण्याचा प्रश्न मोठा आहे. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने डिसेंबर २०२० मध्ये १३ ब्रँडचा मध तपासून घेतला. जर्मनीतल्या प्रयोगशाळेच्या तपासणीसह सगळ्या कसोट्यांवर फक्त तीन ब्रँड उतरले. कंपन्यांनी हे आरोप नाकारले. पण त्यातून एक गोष्ट कळली : मध पाण्यात सोडून पाहणे, काडी पेटवून पाहणे, या घरगुती परीक्षांनी भेसळ ओळखता येत नाही.

म्हणून ओळखीच्या माणसाकडून घ्या. कातकरी बांधव जीव धोक्यात घालून पोळे काढतात. त्यांच्याशी घासाघीस करताना कड्यावरची ती उंची आठवा आणि रास्त दाम द्या. पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापून, न पिळता गाळून दिलेला मध मिळाला तर तो अधिक स्वच्छ असतो. बाटली कोरडी, काचेची, घट्ट झाकणाची असावी. ओला चमचा घालू नये. चुलीजवळ, उन्हात ठेवू नये. तळाशी साखरेसारखे कण बसले तर मध खराब झालेला नसतो. फेस आला, आंबूस वास सुटला तर तो वापरू नये. आणि कुडा किंवा गांधारपाले लेण्यांना धम्मसहलीला जाताना वर आग्या मोहोळ दिसले, तर तिथे धूर, गोंगाट, दगड मारणे टाळावे.

घरातल्या फळीवर चिकटवण्यासाठी :

१. एक वर्षाखालील बाळाला मध अजिबात नाही.
२. साधा खोकला, वय एक वर्षापेक्षा जास्त : मध चालेल.
३. दोन आठवड्यांवर खोकला : थुंकी तपासा.
४. भाजले : वीस मिनिटे पाणी, मग दवाखाना.
५. उघडी किंवा खोल जखम, डोळे, नाळ : बाटलीतला मध नाही.
६. मधुमेह : मध खायचा नाही, पायाची जखम त्याच दिवशी दाखवायची.

येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर हे सहा मुद्दे कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवावेत, एवढीच विनंती. ज्या घरात बाळ येणार आहे, तिथल्या आजीला तर घरी जाऊन सांगावे.